खेळाचे मोल : झाडीपट्टीचे नाटक आणि व्हिडिओ गेम

करमणुकीच्या साधनांची तुलना करताना अलीकडे एक सोपा हिशेब मांडला जातो. एखाद्या साधनासाठी जेवढे पैसे पडले त्यांना, त्या साधनाने जेवढे तास मन रमविले त्या तासांनी भागावे. भागाकार जितका लहान तितके ते साधन किफायतशीर. व्हिडिओ गेमच्या समर्थनार्थ हा हिशेब विशेषेकरून पुढे केला जातो. चित्रपट अडीच-तीन तासांत संपतो, शहरातील नाटकही तेवढ्याच वेळात आटोपते. एकदा विकत घेतलेला गेम मात्र चाळीस-पन्नास तास पुरतो, आणि मोबाइलवरील असंख्य गेम तर मुळातच फुकट मिळतात. तेव्हा पैशाच्या मोबदल्यात करमणूक किती, एवढाच प्रश्न असेल तर व्हिडिओ गेमशी दुसरे कोणतेही साधन बरोबरी करू शकणार नाही, असा निष्कर्ष काढण्यात येतो.

हा निष्कर्ष कितपत टिकतो याची परीक्षा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. त्यासाठी भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा लाखांदूर तालुका निवडण्याचे कारण असे की, ज्या मुलखात प्रेक्षक आपल्या खिशातून तिकीट काढून रात्ररात्र नाटक पाहतो आणि ज्याच्या खिशात त्याच वेळी गेम खेळता येणारा मोबाइलही असतो, असा हा मुलूख आहे. तुलनेची दोन्ही पदे येथे एकाच माणसाजवळ एकत्र आलेली आढळतात.

१

लाखांदूर हा झाडीपट्टीचा भाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील वनाच्छादित, धानाच्या प्रदेशास हे नाव आहे. येथील करमणुकीचे पंचांग धानाच्या पंचांगाशी बांधलेले आहे. रोवणीच्या दिवसांत माणसास उसंत नसते. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीस येते, हाती थोडा पैसा येतो, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडईत दंडारी होतात, नातलग पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. पुढे हिवाळाभर दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असा क्रम अनेक गावांत चालतो. शंकरपटावर सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींसह वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. दिवसा शर्यतीस जमलेला समुदाय हाच रात्रीच्या नाटकाचा प्रेक्षक असल्यामुळे या दोन करमणुकींचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

या नाट्यव्यवसायाचे केंद्र लाखांदूरच्या शेजारी, गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, अर्थात देसाईगंज, येथे आहे. नाट्यमंडळ्यांची कार्यालये तेथे असतात. गावातील मंडळ तेथे जाऊन ठरावीक रकमेवर नाटक ठरविते, गावात मंडप उभारते, तिकिटे विकते, आणि नफा-नुकसानीची जोखीमही तेच पत्करते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. कौटुंबिक कथानक, मधूनमधून गाणी, विनोदी पात्राची स्वतंत्र बाजू, समोर बसलेले वादक आणि रोज नवे नाटक करणाऱ्या नटांना तारून नेणारा प्रॉम्प्टर, ही या रंगभूमीची परिचित लक्षणे होत. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने तिची दखल घेतली. परंतु तिचा निर्वाह मुख्यतः प्रेक्षकाच्या तिकिटावर होत आला आहे. पैशाच्या मोबदल्याचा प्रश्न तिच्या बाबतीत म्हणूनच यथार्थपणे विचारता येतो.

२

प्रथम तासांचा हिशेबच प्रामाणिकपणे करून पाहावा. उदाहरणादाखल नाटकाचे तिकीट १०० रुपये धरले आणि प्रयोग ६ तासांचा धरला, तर तासास सुमारे १७ रुपये पडतात. शहरातील चित्रपटाचे तिकीट २०० रुपये आणि अवधी अडीच तास धरला तर तासास ८० रुपये होतात. २,००० रुपयांचा गेम ५० तास खेळला गेला असे मानले तर तासास ४० रुपये पडतात. यात यंत्राची किंमत धरलेली नाही. हे आकडे केवळ गृहीत आहेत, आणि ते बदलले तर भागाकारही बदलतील. तथापि एवढे दिसून येते की, हा हिशेब नाटकाच्या विरुद्ध जातोच असे नाही. रात्रभर चालणारे झाडीपट्टीचे नाटक शहरी चित्रपटाहून, आणि पुष्कळदा विकतच्या गेमहूनही, स्वस्त ठरते. त्यास हरविणारा प्रतिस्पर्धी एकच, तो म्हणजे फुकट मिळणारा गेम. त्याच्या बाबतीत भाज्यच शून्य असल्यामुळे भागाकारही शून्य येतो.

ज्या हिशेबात एका पक्षाची किंमत शून्य निघते तो हिशेब त्या पक्षाविषयी काहीच सांगत नाही. हजारो माणसांच्या श्रमाने तयार होणारी वस्तू कोणी फुकट वाटत असेल, तर तिची किंमत अन्यत्र कोठे तरी वसूल होत असली पाहिजे. ती कोठे वसूल होते याचा शोध घेतल्यावाचून तुलना पुरी होत नाही.

३

येथे एक जुना वाद आठवणे उपयुक्त ठरेल. सुख समान असेल तर मुलांचा टाचणीचा खेळ आणि काव्य यांचे मोल सारखेच, असे जेरेमी बेंथमने प्रतिपादन केले होते. तासांचा हिशेब मांडणारे आजचे लोक नकळत बेंथमचेच अनुयायी आहेत. जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये यास उत्तर दिले ते असे की, सुखांत केवळ परिमाणाचा नव्हे तर प्रतीचाही भेद असतो, आणि दोन्ही सुखे ज्याने अनुभविली आहेत त्याची निवड हाच त्याचा निकष होय.

मिलचा निकष लावून व्हिडिओ गेमला हीन ठरविण्याचा मोह अनेक समीक्षकांना होतो. पण झाडीपट्टीच्या संदर्भात ही वाट धोक्याची आहे. प्रतिष्ठित नाट्यसमीक्षेने झाडीपट्टीच्या नाटकालाही दीर्घकाळ याच न्यायाने खालच्या पायरीवर बसविले. त्यातील भडक भावनाविवशता, लांबण, प्रसंगाबाहेरची गाणी हे दोष दाखविणे सोपे होते. जो मापदंड एका लोकप्रिय कलेस अन्यायकारक ठरला तोच दुसऱ्या लोकप्रिय कलेवर निःशंकपणे चालविणे सयुक्तिक नव्हे. शिवाय मिलला अभिप्रेत असलेला, दोन्ही सुखे जाणणारा परीक्षक लाखांदूरच्या मंडपात आज प्रत्यक्ष बसलेला असतो. आणि तो नाटकही पाहतो व गेमही खेळतो. त्याने एकाची निवड करून दुसऱ्याचा त्याग केलेला नाही. तेव्हा उच्च-नीचतेच्या भाषेत त्याचा निर्णय मांडता येणे कठीण आहे.

मराठी भाषेचा कौलही या भेदाच्या बाजूचा नाही. नाटकाचा खेळ, तमाशाचा खेळ, सिनेमाचा पहिला खेळ असे मराठी माणूस सहज बोलतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात त्यास 'क्रीडनीयक', म्हणजे खेळणे, हाच शब्द वापरला आहे. फ्रेंच विचारवंत रॉजर काइवा याने १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार वर्ग पाडले. शंकरपट पहिल्यात, दंडार आणि नाटक तिसऱ्यात, मंडईतील पाळणा चौथ्यात बसतो. व्हिडिओ गेममध्ये तर चारही तत्त्वे कमीअधिक प्रमाणात एकत्र येतात. म्हणजे नाटक आणि गेम हे परस्परांना परके नसून एकाच कुळातील आहेत. त्यांच्यातील भेद दाखवावयाचा तर तो माध्यमाच्या पलीकडे शोधला पाहिजे.

४

तो भेद पैसे घेण्याच्या रीतीत सापडतो. करमणुकीचे पैसे कोणत्या क्षणी आणि कोणत्या निमित्ताने घेतले जातात यावर तिचे रूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. व्हिडिओ गेमचा इतिहास हे स्पष्टपणे दाखवितो.

१९७२ मध्ये 'पाँग' आणि १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हे खेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत आले. दर डावास एक नाणे असल्यामुळे डाव लवकर संपणे यंत्राच्या मालकास आवश्यक होते. म्हणून 'स्पेस इन्व्हेडर्स'सारखा खेळ जिंकण्याजोगा नव्हता. खेळणारा केव्हा तरी हरणार हे ठरलेले, आणि गती वाढत जाणार. पुढे घरगुती यंत्रांचा प्रसार झाला आणि गेमची एकरकमी विक्री होऊ लागली. आता खेळणाऱ्यास लवकर हरविण्यात विक्रेत्याचा लाभ उरला नाही. त्याबरोबर कथा आली, प्रदेश आले, आरंभ, मध्य व अंत आला. तिसरी अवस्था फुकट गेमची. 'कँडी क्रश सागा' (२०१२) हा तिचा ठळक नमुना होय. त्यात खेळणाऱ्यास पाच जीव मिळतात. ते संपले की एकेक जीव परत येण्यास तीस मिनिटे थांबावे लागते, किंवा थांबावयाचे नसल्यास पैसे मोजावे लागतात. येथे खेळ विकला जात नाही. खेळातील अडथळा दूर करणे विकले जाते. ज्यास अडथळा विकावयाचा आहे त्याने अडथळा निर्माण केला पाहिजे, आणि ज्याचे उत्पन्न खेळणाऱ्याच्या थांबून राहण्यावर अवलंबून आहे त्याने खेळास शेवट ठेवता कामा नये. अशा रीतीने शेवट नसणे हा या वर्गाच्या रचनेचाच धर्म बनतो.

झाडीपट्टीच्या नाटकाचे रूपही पैसे घेण्याच्या रीतीनेच घडलेले आहे. तिकीट दाराशी घेतले जाते आणि ते संपूर्ण रात्रीचे असते. भोवतालच्या गावांतून आलेल्या प्रेक्षकास मध्यरात्री परतणे अवघड, म्हणून नाटक उजाडेपर्यंत पुरले पाहिजे. शहरी समीक्षक ज्यास लांबण म्हणतात ती या व्यवहारात वस्तुतः प्रेक्षकास दिलेल्या शब्दाची पूर्तता असते. गाणी, विनोद आणि करुण प्रसंग यांची आलटून पालटून येणारी मांडणी सहा तास जागे राहणाऱ्या माणसाच्या शरीरधर्मास धरून आहे. मात्र या रचनेत शेवट अटळ आहे. पहाट झाली की मंडप रिता होतो. नटमंडळीस दुसऱ्या गावी जावयाचे असते, प्रेक्षकास आपल्या कामावर.

दोहोंच्या उत्पादनखर्चातही मूलभूत अंतर आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, प्रयोगकलेत श्रमाची बचत होऊ शकत नाही. जे संगीत वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी जितके वादक आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. इतर क्षेत्रांत मात्र वेतन वाढत जाते. परिणामी प्रयोगाचा खर्च सापेक्षतः वाढतच राहतो. गेमची गोष्ट उलट. पहिली प्रत तयार करण्यास अपार खर्च येतो. पुढची प्रत जवळजवळ विनामूल्य निघते. म्हणून नाटक स्वस्त होत जाणे शक्य नाही आणि गेम स्वस्त होत होत शून्यापर्यंत येऊ शकतो. या अंतरास कलेच्या गुणावगुणाचा पुरावा मानणे ही तासांच्या हिशेबाची मुख्य चूक होय. तिकिटाचा पैसा नट, वादक, मंडपवाला, चहावाला यांच्यात त्याच मुलखात फिरतो, हेही त्या हिशेबाच्या बाहेर राहते.

५

यावरून एक निकष मांडता येईल. करमणुकीचे मोल ठरविताना किंमत खेळाच्या बाहेर उभी आहे की खेळाच्या आत शिरली आहे, हे प्रथम पाहावे. किंमत बाहेर असेल तर आत गेल्यावर खेळ आपल्या नियमांनी चालतो. किंमत आत शिरली की प्रत्येक क्षणी खेळाचा नियम आणि वसुलीचा नियम यांची ओढाताण सुरू होते, आणि बहुधा दुसरा वरचढ ठरतो.

हा निकष पडदा आणि रंगमंच यांच्यामधून रेषा ओढत नाही, हे येथे विशेषेकरून लक्षात घेतले पाहिजे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. दुर्गा आणि विष्णू तिचे निवेदन करतात आणि काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर दाखविले आहेत. हा गेम एकदा पैसे देऊन घ्यावयाचा आणि साधारणतः पाच-सहा तासांत संपणारा आहे, म्हणजे जवळजवळ झाडीपट्टीच्या एका रात्रीएवढा. तासांच्या हिशेबात तो महाग ठरतो, कारण अखंड चालणाऱ्या फुकट गेमच्या तुलनेत त्याचे तास थोडे. परंतु रचनेच्या दृष्टीने त्याचे नाते वडशाच्या नाटकाशी आहे. दोहोंत दाराशी पैसे दिले की पुढे कथा, कष्ट, उत्कंठा आणि समाप्ती एवढेच उरते.

उलटपक्षी रंगमंचावरही किंमत आत शिरू शकते. तमाशातील दौलतजादा हे त्याचे जुने उदाहरण आहे. प्रेक्षक लावणी चालू असताना पैसे देतो, त्याचे नाव पुकारले जाते, आणि देणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे गाणे पुन्हा होते किंवा लांबते. तेथे वगाची गती प्रसंगाच्या गरजेने ठरत नाही. ती पैशाच्या ओघाने ठरू लागते. ज्यास देणे परवडत नाही तो, तिकीट काढूनही, दुसऱ्याच्या हौसेचा प्रेक्षक बनतो. कँडी क्रशच्या खेळणाऱ्यास तीस मिनिटे ताटकळत ठेवणारी युक्ती आणि दौलतजादा यांच्यात जातीचा फरक नाही.

पैसे देऊन घ्यावयाच्या, पण आत काय निघेल हे दैवावर सोपविलेल्या पेट्या गेममध्ये विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांस जुगाराच्या कायद्याखाली आणले. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमविषयी कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असलेले खेळ त्याने निषिद्ध ठरविले आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळ यांना स्वतंत्र स्थान दिले. कायद्याची ही रेषा आवश्यक होती; परंतु समीक्षेचे काम तीवर संपत नाही. पैज नसलेला, तरीही पावलोपावली अडवून पैसे मागणारा गेम कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असू शकेल. खेळ म्हणून तो सदोषच राहतो.

फुकट गेम सर्व सारखे नसतात, हेही मान्य केले पाहिजे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी आलेला 'पबजी मोबाइल' आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी आलेला भारतीय अवतार यांत पैसे मुख्यतः पोशाखांसाठी, म्हणजे काइवाच्या परिभाषेत सोंगासाठी, घेतले जातात. पोशाखामुळे डाव जिंकता येत नाही आणि अर्ध्या तासाच्या सुमारास डाव संपतो. येथे किंमत खेळाच्या उंबरठ्यावर थांबलेली आहे. तरी एका डावामागून दुसरा, एका श्रेणीनंतर दुसरी, अशी साखळी चालूच राहते, आणि डावास असलेला शेवट खेळास मात्र नसतो.

६

या निकषावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नाटकाची रात्र सर्वांच्या वाट्यास येत नाही. आजारी माणूस, रात्रपाळीचा कामगार, पोटासाठी पुण्याला गेलेला लाखांदूरचा तरुण, यांना मोबाइलवरील गेम सहज लाभतो. पावसाळ्यात, जेव्हा मंडप नसतो, तेव्हाही लाभतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर नाटकाच्या हंगामावर गदा आली तेव्हा घरबसल्या करमणुकीचे महत्त्व सर्वांसच पटले. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच गेमचा सरसकट निषेध करणे अनुचित होय. विसाव्याच्या घटकेस विनासायास मिळणारा खेळ ही क्षुल्लक देणगी नव्हे. मात्र ती घटका केव्हा संपली हे सांगणारे काही तरी त्या खेळात असावे, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप असा की, झाडीपट्टीचे नाटक येथे आहे त्याहून निर्मळ रंगविले गेले. वस्तुतः त्या रंगभूमीवरही नाच आणि द्व्यर्थी विनोद यांचे प्रमाण वाढत असल्याची तक्रार तिच्या हितचिंतकांकडूनच ऐकू येते. काही ठिकाणी नाटकाच्या जागी केवळ नाचाचे कार्यक्रम होतात. पण या तक्रारीने वरील निकष दुबळा होत नाही. कथेच्या ओघास धरून असलेले गाणे आणि क्षणोक्षणी टाळ्या वसूल करण्यासाठी कथा थांबवून घातलेला नाच यांतील फरक त्याच निकषाने स्पष्ट होतो. गेमच्या ज्या दोषाचे विश्लेषण येथे केले तो दोष नाटकास जडू शकत नाही असे समजणे ही भाबडी समजूत ठरेल.

सारांश, व्हिडिओ गेम इतर करमणुकीच्या तुलनेने किफायतशीर आहेत काय, या प्रश्नास एकच उत्तर संभवत नाही. ज्या गेमची किंमत दाराशी चुकती होते आणि ज्यास आपला शेवट आहे, तो तासांच्या हिशेबात महाग दिसला तरी योग्य मोबदला देतो. झाडीपट्टीची रात्रही तसाच मोबदला देते. ज्याची किंमत आत दडलेली आहे तो फुकट असूनही महाग पडतो, कारण त्याची वसुली पैशाइतकीच वेळातून होते, आणि वेळाचा हा खर्च कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो. झाडीपट्टीच्या शेतकऱ्याचा हिवाळ्यातील मोकळा वेळ वर्षभराच्या कष्टानंतर येणारा आणि मोजका आहे. त्याची किंमत भागाकारात शून्य धरणारा हिशेब अभ्यासकांनी स्वीकारू नये. करमणुकीच्या कोणत्याही प्रकाराचे परीक्षण करताना आशय आणि अभिव्यक्ती यांच्याबरोबर तिच्या वसुलीच्या रीतीचाही विचार समीक्षेने करावयास हवा. नाटकाच्या आणि गेमच्याही अभ्यासास त्याने एक समान पाया मिळेल.